विश्लेषण : पुण्यात खेळपट्टी झाडणारे बाळू पालवणकर भारताचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज कसे ठरले? कर्णधारपद त्यांना का मिळाले नाही?

भारताने पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर खेळला. त्यानंतर तीन महिन्यांनी, २४ सप्टेंबरला, पुण्यात येरवडा तुरुंगात पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांमध्ये पी. बाळू हे एक नाव आहे. राजकारणाचा इतिहास वाचणाऱ्याला हे नाव फारसे ओळखीचे वाटणार नाही. क्रिकेटचा इतिहास वाचणाऱ्याला मात्र ते चटकन ओळखता येईल. लॉर्ड्सच्या त्या कसोटीच्या २१ वर्षे आधी इंग्लंडच्या मैदानांवर एकाच दौऱ्यात ११४ बळी घेणारे ते हेच पालवणकर बाळू. कसोटी दर्जा मिळण्यापूर्वीच्या भारतातील सर्वांत मोठ्या स्पर्धेत हिंदू संघाचा मारा दीर्घकाळ त्यांच्यावर अवलंबून होता. त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही अधिकृतपणे दिले गेले नाही.

पालवणकर पुण्यात कसे आले?

कुटुंबाचे मूळ कोकणातले. पालवण या गावावरून पालवणकर हे आडनाव आले. चर्मकार समाजातील या कुटुंबात बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने कुटुंब पुण्यात आले. कॅम्प आणि खडकीच्या छावण्यांमुळे त्या काळी पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्रिकेट जोरात होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही याच वाटेने गेले. चारही भाऊ हिंदू संघाकडून खेळले. एकाच घरातून चार खेळाडू मोठ्या क्रिकेटमध्ये येणे आजही दुर्मीळ आहे. ज्या समाजाला मैदानाच्या कडेलाही सहज उभे राहता येत नव्हते, त्या समाजातल्या एका घराने ते शतकापूर्वी करून दाखवले.

शाळा फार झाली नाही. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांना हवे असेल तेव्हा सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये.

पूना क्लबमध्ये नेमके काय घडले?

१८९२ च्या सुमारास बाळू गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये लागले. पगार एका रुपयाने वाढून ४ रुपये झाला. कामे जवळपास तीच होती. जाळी बांधायची, खेळपट्टी तयार करायची, टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा मारायच्या. ट्रॉस नावाच्या एका इंग्रजाने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला लावली. डावखुऱ्या हाताची संथ फिरकी, नेमका टप्पा आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याचे कसब त्यांच्याकडे होते. हे सारे लवकरच क्लबच्या सर्वोत्तम फलंदाजाच्या नजरेत भरले.

हा फलंदाज म्हणजे कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळलेले ग्रेग त्या काळी भारतातील गोऱ्या फलंदाजांमध्ये अव्वल मानले जात. जॉन ग्लेनी या नावाचा देशी उच्चार करता करता त्यांचे टोपणनाव जंगली पडले, अशी आख्यायिका आहे. (हे जंगली साहेब उतारवयात कॅथलिक धर्मगुरू झाले, हा आणखी एक गमतीचा तपशील.) ग्रेग रोज इतरांच्या आधी क्लबवर येत आणि बाळूंकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. आपल्याला बाद केले की प्रत्येक वेळी ते बाळूंना आठ आणे देत, असे सांगितले जाते. हिशेब केला तर आठ वेळा ग्रेगना बाद करणे म्हणजे महिन्याचा पगार.

या सरावाची एक बाजू फार बोलकी आहे. बाळूंनी पूना क्लबच्या जाळीत शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हातात बॅट दिली गेली नाही. राबायचे नोकराने आणि फटके मारायचे साहेबाने, असा तो मामला होता. बाळू पुढे जे काही फलंदाजी शिकले ते स्वतःच्या हिमतीवर. अव्वल दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर साडेसातशेहून अधिक धावा आहेत.

मैदानात चेंडू एक, चहा मात्र वेगळा?

ग्रेगना जाळीत चकवणारा गोलंदाज गावात आहे, ही बातमी पुण्यातल्या हिंदू क्लबपर्यंत पोहोचली. या क्लबला गोऱ्या संघांना हरवायचे होते. बाळूंना घ्यावे की नाही, यावर क्लबात दोन तट पडले. क्लबातील तेलुगू सभासद घ्यावे म्हणत होते, काही मराठी ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. बाळूंसारख्या गोलंदाजाला दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनी तेव्हा जाहीरपणे मांडले. त्यात समाजसुधारणेची कळकळ किती आणि खऱ्या सामन्यात बाळूंना खेळून पाहण्याची खुमखुमी किती, हे ग्रेग यांचे त्यांनाच ठाऊक. अखेर बाळू संघात आले.

आता एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता, मात्र सीमारेषेबाहेर जुनेच नियम होते. चहापानाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात दिला जाई. तोंड धुवायचे असेल तर अस्पृश्य समाजातलाच नोकर कोपऱ्यात पाणी आणून देई. जेवणाचे ताटही वेगळ्या जागी. सामना जिंकून देणाऱ्या गोलंदाजाची ही व्यवस्था होती आणि ती क्लबातल्या सुशिक्षितांना रीतसर वाटत होती.

विजय मात्र मिळू लागले. पूना हिंदू संघाने गोऱ्यांचे संघ हरवायला सुरुवात केली. साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीचा धसका घेऊन खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवला होता, तरीही बाळूंनी त्यांना गुंडाळले. क्रिकेट इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवल्याप्रमाणे, त्यानंतर पुण्यातल्या सत्कारात न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंना हार घातला आणि लोकमान्य टिळकांनीही दुसऱ्या एका सभेत त्यांचे कौतुक केले. सुधारक आणि त्यांचे टीकाकार यांचे ज्या पुण्यात क्वचितच पटे, तिथे बाळूंच्या गोलंदाजीबाबत मात्र एकमत दिसते.

मुंबईतील स्पर्धा इतकी महत्त्वाची का होती?

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला गेले. मरीन लाइन्सवरील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना तेव्हा नुकताच, १८९४ मध्ये, सुरू झाला होता. तिथेही काही सभासदांनी कुरकुर केली आणि तीही बाळूंच्या गोलंदाजीने बंद पडली. पुढे रेल्वेतील नोकरीमुळे ते बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या संघाकडूनही खेळले.

त्या काळी रणजी करंडक नव्हता, तो १९३४ मध्ये सुरू झाला. देशातील सर्वांत प्रतिष्ठेचे क्रिकेट म्हणजे मुंबई आणि पुण्यात होणारे प्रेसिडेन्सी सामने. १८९२ पासून ते युरोपीय आणि पारशी यांच्यात होत. संघ धर्माच्या नावाने असत आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लीम संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी. १९४६ नंतर ती बंद पडली. बाळूंची खरी कारकीर्द याच स्पर्धेत घडली.

तिची सुरुवात फेब्रुवारी १९०६ मधील हिंदू विरुद्ध युरोपीय सामन्याने झाली. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपीय १९१ वर आटोपले. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर बाद झाले. विजयासाठी २१२ धावा हव्या असताना बाळू आणि त्यांच्या साथीदारांनी युरोपीयांना १०२ धावांत गुंडाळले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली होती, जपानने रशियाला हरवल्याला वर्षही झाले नव्हते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्या पहिल्या आव्हानातच हरवणे, हा विजय म्हणूनच मैदानापुरता राहिला नाही. पुढच्याच वर्षी हिंदूंनी युरोपीयांना पुन्हा हरवले.

या सामन्यांच्या काळात आणखी एक बदल झाला. मुंबईच्या हिंदू संघात बाळू आणि शिवराम इतरांबरोबर बसून चहा आणि जेवण घेऊ लागले. सुधारकांच्या नियतकालिकांनी या पंगतीची दखल सामन्याइतकीच घेतली. जातिभेद मोडण्याच्या प्रवासातील हा टप्पा त्यांना १०९ धावांपेक्षा मोठा वाटला, आणि ते बरोबरच होते.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात काय झाले?

१९११ मध्ये पहिल्यांदा सर्व धर्मांच्या खेळाडूंचा अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचे वर्ष असल्याने महाराजांचे बरेचसे लक्ष समारंभांकडे होते. २३ सामन्यांपैकी भारतीय संघ १५ हरला आणि ६ जिंकला. अशा दौऱ्यात एखादाच खेळाडू लक्षात राहतो. तो होते बाळू. वयाच्या पस्तिशीत, दुखऱ्या खांद्याने गोलंदाजी करत त्यांनी एकूण ११४ बळी घेतले. सरासरी १९ हूनही कमी.

केम्ब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी, ही त्यांची कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी. लेस्टरशायरविरुद्ध भारतीयांनी पहिला विजय मिळवला, त्यात बाळूंचे ११ बळी होते. त्यानंतर सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने निसटता विजय मिळाला तो शिवराम यांच्या नाबाद शतकामुळे. दौऱ्यातील आनंदाचे जे थोडे क्षण होते, त्यांतले ठळक क्षण पुण्याच्या या दोन भावांचे होते. इंग्लंडमधील खेळपट्ट्या ओल्या, टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग बदलणाऱ्या, तर बाळूंची जडणघडण पुण्या-मुंबईच्या कडक खेळपट्ट्यांवर झालेली. तिथे जाऊन पहिल्याच फेरीत त्यांनी जुळवून घेतले, म्हणूनच काही जण त्यांना भारताचे विल्फ्रेड ऱ्होड्स म्हणू लागले. यॉर्कशायरचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज त्या काळचा मापदंड होता.

परतल्यावर मुंबईत दलित समाजातर्फे त्यांचा सत्कार झाला. त्या वेळच्या मानपत्रामागे एक तरुण विद्यार्थी होता, भीमराव आंबेडकर, असे गुहा लिहितात. आंबेडकर तेव्हा विशीत होते आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. त्यांच्या पिढीतील दलित मुलांसाठी बाळू हे सार्वजनिक जीवनात मानाने घेतले जाणारे पहिल्या काही नावांपैकी एक होते.

मग कर्णधारपद का नाही?

बाळू १९०६ पासून संघाचे प्रमुख गोलंदाज. अनुभव, कामगिरी आणि डावपेचांची समज या तिन्ही बाबतींत १९१० नंतर हिंदू संघात त्यांच्या तोडीचे कुणी नव्हते. तरी दरवर्षी कर्णधार निवडायची वेळ आली की नाव दुसऱ्याचे येई. शिक्षण, सामाजिक स्थान, समारंभात बोलण्याची सवय अशी कारणे दिली जात. ती कारणे चेंडू वळवण्याशी संबंधित नव्हती हे सर्वांना ठाऊक होते. गोलंदाज म्हणून बाळू चालत होते, कारण गोलंदाजी हे राबण्याचे काम. कर्णधार म्हणजे उच्चवर्णीयांना कुठे उभे राहायचे ते सांगणारा माणूस, आणि अडचण तिथे होती.

या सगळ्यात एम. डी. पै यांचे वागणे वेगळे ठरते. ब्राह्मण असलेल्या पै यांना कर्णधार केल्यावर सत्काराला उत्तर देताना त्यांनी हा मान बाळूंना मिळायला हवा होता असे सांगितले. बोलून मोकळे होणारे पुष्कळ असतात, पै यांनी पुढे कृतीही केली.

तो प्रसंग १९२० चा. त्या वर्षी पालवणकरांचे धाकटे बंधू गणपत यांचे निधन झाले होते. चौरंगी स्पर्धेच्या वेळी पै आजारी पडले आणि कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर तेव्हा तरुण होते, मोठे फलंदाज होते, पण ज्येष्ठतेने बाळू आणि विठ्ठल दोघांच्याही मागे. त्यातच बाळूंना पहिल्या सामन्याच्या संघातून वगळले गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघ सोडला आणि त्याची कारणे वर्तमानपत्रांत जाहीर केली. जातीच्या कारणावरून आपल्याला डावलले जाते, हे त्यांनी आडवळण न घेता सांगितले. दलित खेळाडूंनी निवड समितीविरुद्ध असे उघड बंड करणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. रोजीरोटी आणि खेळ, दोन्ही त्याच मंडळींच्या हातात होते.

गांधीजींच्या असहकार चळवळीचे ते वर्ष. अस्पृश्यता हा देशभर चर्चेचा विषय झाला होता आणि जनमत पालवणकरांच्या बाजूने झुकले. जिमखान्याला माघार घ्यावी लागली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले, विठ्ठल आणि शिवराम संघात आले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदू संघ बाळूंच्या इशाऱ्यावर खेळला. चौरंगी स्पर्धेत बाळूंच्या वाट्याला नेतृत्व आले ते एवढेच. त्यानंतर ते या स्पर्धेतून निवृत्त झाले. वय पंचेचाळिशीकडे आले होते.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपीयांना हरवले आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवले. या साऱ्या घडामोडींची आतली बाजू विठ्ठल यांनी माझे क्रीडा-जीवन या आत्मचरित्रात मराठीत लिहून ठेवली आहे. ते पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पालवणकर बंधूंविषयी आज जे माहीत आहे, त्यातील बराच भाग त्याच पुस्तकावर आधारलेला आहे.

आंबेडकरांविरुद्ध निवडणूक कशी लढवली?

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात आले आणि त्यांचा मार्ग आंबेडकरांपासून वेगळा झाला. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, ही आंबेडकरांची मागणी. बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. ज्या माणसाला तीस वर्षे मिश्र संघातच हळूहळू जागा मिळत गेली, त्याला वेगळे होण्यापेक्षा आत राहून भांडणे पटावे यात नवल नाही. अर्थात हाच अनुभव उलटाही वाचता येतो. एवढे बळी घेऊनही कर्णधारपद मिळत नसेल, तर इतरांच्या सद्भावनेवर किती विसंबायचे, हा आंबेडकरांचा प्रश्न बाळूंच्याच कारकिर्दीतून उभा राहतो.

२० सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केले. तडजोडीसाठी आंबेडकरांशी बोलणाऱ्या दलित नेत्यांमध्ये एम. सी. राजा यांच्यासह बाळू होते. चार दिवसांनी करार झाला. पूना क्लबमध्ये महिना चार रुपयांवर खेळपट्टी तयार करणारा मुलगा चाळीस वर्षांनी त्याच शहरात देशाच्या राजकारणाला वळण देणाऱ्या कागदावर सही करत होता.

१९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने राखीव जागेसाठी बाळूंना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार होते. त्यांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. कधीकाळी ज्यांच्या सत्काराला आंबेडकर उभे राहिले होते, त्यांच्याशीच झालेली ही लढत. काँग्रेसचे बळ पाठीशी होते हे खरे, पण केवळ त्यावर एवढी मते पडत नाहीत. गिरणगावातील मतदारांना मैदानावरचा बाळू आठवत होता.

बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. शिवराम आधीच, १९४१ मध्ये गेले होते. अव्वल दर्जाच्या नोंदींत बाळूंच्या नावावर ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. यात पूना क्लबच्या जाळीत ग्रेगना बाद केल्याची एकही नोंद नाही.